पृथ्वी फुगतेय का? काकांनी चेंडूवर खंड चिकटवून दाखवले, आता मी काय उत्तर देऊ?

कुळागरातला

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र आहे, हसू नका.

माझे धाकटे काका गोव्यात डिचोलीला असतात. खाणीवर ड्रिलिंगला होते, २०१२ ला खाणी बंद पडल्या तेव्हापासून घरीच. माणूस हुशार, हात तर एकदम कसबी, पण आता वेळ भरपूर आणि मोबाइलमध्ये डेटा भरपूर, मग काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. चवथीला सगळे जमलो होतो, आरती झाली, नेवऱ्या खाऊन सोप्यावर बसलो आणि काका आतून माझ्या मुलीचा प्लास्टिकचा चेंडू घेऊन आले. त्यावर कागदाचे खंड चिकटवलेले. म्हणजे त्यांनी काय केलं, शाळेतला तो फूटभर पृथ्वीगोल असतो ना, त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून एकेक खंड गिरवला, कात्रीने कापला आणि साधारण सात इंचाच्या चेंडूवर चिकटवला. आणि खोटं कशाला बोलू, जवळजवळ सगळे एकमेकांत बसले! मध्ये समुद्राला जागाच उरली नाही. आशियाला तीन ठिकाणी कात्री मारावी लागली आणि आफ्रिकेला सुरकुत्या पडल्यात, पण बसले. काका म्हणतात, "पळय, कशें बसलां तें!"

त्यांचं म्हणणं असं की पृथ्वी पूर्वी लहान होती, अख्ख्या पृष्ठभागावर जमीनच होती, मग ती आतून फुगत गेली, साल फाटली आणि फटींमध्ये समुद्र आले. पुरावा काय, तर २० कोटी वर्षांपेक्षा जुना समुद्रतळ आजच्या महासागरांत कुठेच नाही (हे मी शोधून बघितलं, जवळजवळ खरं आहे). मग त्याआधी समुद्र होता कुठे?

दुसरा मुद्दा तर मला जास्तच टोचला. म्हणाले, "मी ३० वर्षं भोकं पाडली. पन्नास मीटर खाली ओअर (लोखंडाचं खनिज) लागणार की माती, हे साहेबांना धड सांगता येत नव्हतं. रशियाने सगळ्यात खोल भोक पाडलं ते १२ किलोमीटर, पृथ्वीचं केंद्र ६३७१ किलोमीटरवर, आणि हे पुस्तकवाले सांगतात ५००० किलोमीटर खाली लोखंडाचा घट्ट गोळा आहे. कोणी जाऊन बघितला?"

मी कॉमर्सवाला. गप्प बसलो. कृपया कोणीतरी असं सांगा की मी त्यांना पुढे सांगू शकेन. शिव्या नकोत, माणूस मनापासून विचारतोय.

चिरेबंदी

आधी काकांना माझ्यातर्फे नमस्कार सांग. चेंडूचा प्रयोग स्वतः करून बघणारा माणूस फॉरवर्ड ढकलणाऱ्या शंभर जणांपेक्षा बरा.

मी सिव्हिलवाला, जिऑलॉजी दोन सेमिस्टर शिकलो तेवढीच, पण "कोणी जाऊन बघितलं" याचं उत्तर साइटवर रोज मिळतं. आमचा मेस्त चिरा घ्यायच्या आधी त्यावर हातोडीची मागची बाजू मारतो. खण्ण वाजला की घेतला, भद्द वाजला की आत पोकळ किंवा मातीचा खिसा, बाजूला. फोडून बघत नाही. पृथ्वीला अशी हातोडी भूकंप मारतो आणि आवाज ऐकायला जगभर सिस्मोमीटर लावून ठेवलेत. भूकंपाच्या लाटा दोन जातीच्या, पी वेव्ह घन आणि द्रव दोन्हीतून जाते, एस वेव्ह द्रवातून जात नाही. मोठा भूकंप झाला की पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला एस वेव्ह पोचतच नाही, आणि भूकंपापासून १०४ ते १४० अंशांच्या पट्ट्यात पी वेव्हही जवळजवळ गायब असते, कारण मधल्या गोळ्यातून जाताना ती वाकते. म्हणजे आत २८९० किलोमीटर खाली काहीतरी द्रव सुरू होतंय.

यात आपल्याकडचा धागा म्हणजे ओल्डहॅम. जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात होता, १८९७ च्या आसामच्या भूकंपाचा अभ्यास करताना त्याने या लाटा वेगवेगळ्या ओळखल्या आणि १९०६ मध्ये पृथ्वीला गाभा असल्याचं दाखवून दिलं. काकांचा तो घट्ट गोळा १९३६ चा, डेन्मार्कच्या इंगे लेहमान बाईंचा. १९२९ मध्ये न्यूझीलंडला भूकंप झाला, त्याची बारीकशी पी वेव्ह जिथे यायला नको त्या पट्ट्यात आलेली दिसली. बाकीच्यांनी काहीतरी किरकोळ म्हणून सोडून दिलं असतं, बाईंनी गणित मांडलं आणि म्हणाल्या की द्रवाच्या आत आणखी एक गोळा आहे, त्यावर आपटून ही येतेय. आज त्याची सुरुवात साधारण ५१५० किलोमीटरवर धरतात.

आणि काकांना पटेल असा मुद्दा. हेमटाइटचं, म्हणजे त्यांच्या खाणीतल्या शुद्ध ओअरचं, वजन त्यांना हाताला माहीत असेल. पाण्याच्या साधारण सव्वापाच पट. आता अख्ख्या पृथ्वीचं सरासरी काढलं तर येतं ५.५१. अख्ख्या पृथ्वीचं! वरचा ग्रॅनाइट २.७, बेसॉल्ट ३, म्हणजे वरून हलकी आणि सरासरी मात्र शुद्ध ओअरपेक्षा जड. मग आत काय असायला हवं ते काकाच सांगतील. हे वजन कॅव्हेंडिशने १७९८ मध्ये केलंय, खोलीत बसून, दोन मोठे शिशाचे गोळे दोन छोट्या गोळ्यांना किती ओढतात ते मोजून. त्याचं उत्तर ५.४८ आलं होतं.

पन्नास मीटरवर काय लागेल ते सांगता येत नव्हतं, हे मात्र १०० टक्के खरं. जांभ्याखाली काय निघेल ते मलाही पाया खणेपर्यंत कळत नाही. पण ते गावातली प्रत्येक गल्ली सांगण्यासारखं आहे, गाभा आहे की नाही हे गाव आहे की नाही एवढंच सांगणं.

उलटा_प्रश्न

छान. आता मी काकांच्या बाजूने बोलतो, कारण इथे लगेच "विज्ञान सांगतं" सुरू होणार. वेगेनरने १९१२ मध्ये खंड सरकतात म्हटलं तेव्हा हेच पुस्तकवाले हसले होते, पुढची जवळजवळ पन्नास वर्षं. केल्विनने पृथ्वीचं वय काढलं काही कोटी वर्षं, सगळ्यांनी मान खाली घालून मान्य केलं, आणि त्याचाच जुना असिस्टंट जॉन पेरी १८९५ मध्ये सांगत होता की आतला भाग वाहता असेल तर हे गणितच कोसळतं. कोणी ऐकलं? प्रसरणाच्या थिअरीवाला वॉरेन कॅरी हा टास्मानियात जिऑलॉजीचा प्रोफेसर होता, यूट्यूबवाला नव्हे. १९५६ मध्ये खंड सरकण्यावर परिषद भरवली त्याने, तेव्हा बाकीचे त्या विषयाला हात लावायला तयार नव्हते.

म्हादईकाठी

@उलटा_प्रश्न कॅरीबद्दल अगदी बरोबर, आणि त्याला वेडा म्हणणाऱ्यांशी मीही भांडते. पण हसले होते म्हणून बरोबर असं होत नाही ना. वेगेनरवर हसले आणि तो निघाला बरोबर, कॅरीवर हसले आणि तो निघाला चूक, दोन्ही मोजून कळलं.

कुळागरातल्या, मोजमाप असं. तुझ्या काकांचा चेंडू गोलाच्या ५८ टक्के आहे. म्हणजे त्यांच्या मते २० कोटी वर्षांपूर्वी त्रिज्या ३७०० किलोमीटरच्या आसपास. मग तिथून आजपर्यंत वर्षाला सरासरी १३ मिलिमीटर फुगायला हवी. हे आजकाल मोजता येतं, उपग्रहांवर लेझर मारतात, जीपीएसची स्टेशनं आहेत, क्वेसारांकडे, म्हणजे अतिशय दूरच्या तेजस्वी आकाशगंगांच्या केंद्रांकडे, दुर्बिणी लावतात. नासाच्या लोकांनी २०११ मध्ये हे सगळं एकत्र करून बघितलं तर त्रिज्येतला बदल वर्षाला ०.१ मिलिमीटर, तोही मोजण्याच्या चुकीतच बसणारा. आता आत्ताच फुगायची थांबली असं कोणी म्हणेल, पण अटलांटिक तर आजही रुंद होतोय, तेही त्याच यंत्रांनी मोजलंय.

त्याहून मोठी अडचण वस्तुमानाची. पृथ्वी तेवढीच जड आणि फक्त लहान होती म्हणालात तर तिची सरासरी घनता २८ येते. सोनं १९.३, सगळ्यात जड धातू ऑस्मियम २२.६. आणि गुरुत्वाकर्षण जवळजवळ तिप्पट, डायनासोर उभे कसे राहिले? बरं, माल नंतर वाढला म्हणाल, तर आला कुठून, यावर कॅरीलाही शेवटपर्यंत धड उत्तर देता आलं नाही. जुना लाव्हा थंड होताना तेव्हाचं चुंबकीय क्षेत्र धरून ठेवतो, त्यावरून दोन जागांचे तेव्हाचे अक्षांश निघतात, मधलं अंतर माहीत असलं की त्रिज्या निघते. ती ४० कोटी वर्षांपूर्वीही जवळजवळ आत्ताएवढीच येते, फरक फार तर काही टक्के.

मग चेंडूवर बसलं कसं? अर्धं खरंच बसतं! अटलांटिकच्या दोन्ही बाजू, भारत आणि मादागास्कर, हे चिकटलेलेच होते. उडुपीजवळच्या मालप्याला होडीने सेंट मेरी बेटावर गेला असशील, ते सहा कोनी खांब मादागास्कर सुटताना बाहेर आलेल्या लाव्हाचे आहेत, साधारण ८.८ कोटी वर्षांचे. गडबड पॅसिफिकच्या बाजूला आहे. तिथे कागद जुळतो पण दगड जुळत नाहीत. आणि काकांनी आशियाला कुठे कात्री मारली ते नीट बघ, तिथेच थिअरीलाही कात्री लागते.

आता २० कोटींच्या आधीचे समुद्र कुठे. खाली गेले. पॅसिफिकच्या कडांना, जपान म्हणा चिली म्हणा, समुद्रतळ जमिनीखाली शिरतो, शिरताना त्याचे भूकंप होतात ते ७०० किलोमीटर खोलपर्यंत तिरप्या रेषेत दिसतात. काही तुकडे वरच अडकून राहिले, उरल पर्वतात ४० कोटी वर्षं जुना समुद्रतळ सापडतो. स्पितीत ५० कोटी वर्षं जुने ट्रायलोबाइट सापडतात, ते समुद्रातलेच किडे. आणि लांब कशाला, देवघरात शाळिग्राम असेल ना? फोडू नका, पण त्याच्या आत असतं ते चक्र म्हणजे अॅमोनाइट, टेथिस समुद्रातला शंखवाला प्राणी. तो समुद्र आज नाही. त्याचा तळ हिमालयाच्या खाली आणि त्याहून खोल गेलाय. त्याचं पुढे काय झालं यावर आजही वाद चालू आहे, त्याबद्दल रात्री लिहिते, आत्ता कुकर लावलाय.

पोफळीचोखोलो

पृथ्वी पोकळच आहे, आमच्या विहिरीत मे महिन्यात घागर टाकली की पाताळातून आवाज येतो 😄

जोक अपार्ट, पोकळ पृथ्वीची आयडिया बाबालोकांची नाही, धूमकेतूवाल्या हॅलेची आहे. १६९२. होकायंत्राची दिशा हळूहळू का बदलते ते कळेना, मग त्याने म्हटलं की ८०० किलोमीटर जाडीचं कवच, आत आणखी गोळे, सगळे वेगवेगळ्या वेगाने फिरतायत. कॅव्हेंडिशच्या आकड्यानंतर ते बसलं खाली. पण गंमत बघा, आत काहीतरी वेगळं फिरतंय आणि त्यामुळे चुंबक बदलतं, ही कल्पना अगदीच फुकट नव्हती, आज आपण फिरतं म्हणतो ते वितळलेलं लोखंड.

बाय द वे, त्या रशियन भोकातून किंकाळ्या ऐकू आल्या म्हणून जो ऑडिओ फिरतो तो काकांना आला असेल तर डिलीट करायला सांग. बनावट आहे. भोक खरं आहे, कोला, १२,२६२ मीटर, बंद पडलं कारण खाली १०० डिग्रीची अपेक्षा होती आणि निघालं १८०, दगड मऊ होऊन भोक मिटायला लागलं.

उलटा_प्रश्न

@म्हादईकाठी २८ घनतेचा मुद्दा मानला. पण मला एक सांगा, असं कधी झालंय का की मोठ्या शास्त्रज्ञाने स्वतःची थिअरी स्वतः मोडलीय? सगळे शेवटपर्यंत धरून बसतात.

चिरेबंदी

ब्लॅकेट. नोबेलवाला. १९४७ मध्ये म्हणाला की कुठलीही जड वस्तू नुसती फिरली की चुंबक होते, पृथ्वीला लोखंडाच्या गाभ्याची, डायनामोची (वितळलेलं लोखंड फिरून चुंबक तयार होण्याची) गरजच नाही. मोठ्या माणसाचं म्हणणं म्हणून लोकांनी गंभीरपणे घेतलं. याने काय केलं, १५ किलो शुद्ध सोन्याचा दंडगोल घेतला, पृथ्वीबरोबर तो फिरतोच आहे, आणि त्याचं चुंबक मोजायला स्वतः एक भयंकर नाजूक यंत्र बांधलं. काही सापडलं नाही. १९५२ मध्ये स्वतःच पेपर लिहिला, नावातच "नकारात्मक प्रयोग". आणि ते नाजूक यंत्र नंतर जुन्या दगडांचं चुंबकत्व मोजायला कामी आलं, ज्यावरून खंड सरकतात हे पटलं. १५ किलो सोनं समोर असताना माणूस चुंबक मोजत बसला, हे आमच्या बायकोला पटत नाही ते सोडा.

म्हादईकाठी

आले. जेवणं झाली.

काकांना सांग, पर्यायी थिअरी हवी असेल तर मेलेली कशाला धरता, जिवंत आहेत की. आणि त्यातल्या दोन तर आपल्या अंगणातल्या.

पहिली, दख्खनचा बेसॉल्ट. गोव्यातला बहुतेक दगड खूप जुना, अनमोड घाटातला नाइस (पट्ट्यापट्ट्यांचा दगड) ३०० कोटी वर्षांपेक्षा जुना आहे. पण सत्तरीत सुर्ल्याकडे वर चढलात की वरचा काळा दगड बेसॉल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांचा, महाराष्ट्रातला तोच इथे येऊन संपतो. पुस्तकात म्हणतात की मॅन्टलच्या (वरचं कवच आणि गाभा यांच्यामधल्या जाड थराच्या) तळापासून गरम दगडाचा खांब वर येतो, प्लूम, भारत त्याच्यावरून सरकत गेला, तोच आज रीयुनियन बेटाखाली आहे. ही मॉर्गनची १९७१ ची कल्पना. पण डॉन अँडरसन, जिलियन फाउल्जर असे नावाजलेले लोक म्हणत आले की खोल खांब वगैरे काही नको, वरची प्लेट, म्हणजे सरकणारा कवचाचा तुकडा, ताणली जाऊन फाटते आणि वरच्याच थरातला माल बाहेर येतो. मला स्वतःला दख्खनपुरता खांब जास्त पटतो, एवढा लाव्हा एवढ्या थोड्या काळात नुसत्या फाटण्याने येईल असं वाटत नाही. पण हे खरं भांडण आहे, दोन्हीकडे मोजमाप आहे.

दुसरी, समुद्रातला खड्डा. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंद महासागराची पातळी सरासरीपेक्षा १०० मीटरहून जास्त खाली आहे, जहाजावर बसून अजिबात कळत नाही, कारण तिथे गुरुत्वाकर्षणच कमी आहे आणि "सपाट" म्हणजे काय हेच त्यावर ठरतं. खाली काहीतरी हलकं आहे. कोणी म्हणतं बुडालेल्या टेथिसच्या तळाचा परिणाम. बेंगळुरूच्या आयआयएससीच्या दोघांनी २०२३ मध्ये कॉम्प्युटरवर १४ कोटी वर्षं चालवून दाखवलं की टेथिसचा तळ खाली बुडताना त्याने आफ्रिकेखालचा गरम ढीग ढवळला आणि त्यातला हलका माल आपल्या समुद्राखाली आला. सगळ्यांना पटलेलं नाही. समुद्रतळावर सिस्मोमीटर टाकून खालून ऐकायचं काम ज्यांनी केलं ती ध्रुवीय संशोधनवाली संस्था वास्कोला हेडलँड सड्यावर आहे, काकांच्या घरापासून तासाभरावर!

आणि तो आफ्रिकेखालचा ढीग हे आणखीच प्रकरण. असे दोन आहेत, दुसरा पॅसिफिकखाली, गाभ्याला टेकून, भूकंपाच्या लाटा तिथे हळू होतात. ते काय आहेत? बुडालेल्या समुद्रतळांचा उकिरडा, की पृथ्वी वितळलेली होती तेव्हाचा गाळ, की, ही २०२३ ची कल्पना, ज्या ग्रहाची टक्कर होऊन चंद्र झाला त्याचे उरलेले तुकडे. ४५० कोटी वर्षं जुना पाहुणा आत बसलाय म्हणा. चेंडू फुगवण्यापेक्षा हे जास्त अचाट आहे, आणि तपासता येतं.

खालच्या समुद्राचा फॉरवर्डही येईल, ७०० किलोमीटर खाली महासागर सापडला म्हणून. ते पाणी वाहतं नाही, खनिजाच्या आत बांधलेलं आहे. ब्राझीलच्या एका हिऱ्यात असा कण २०१४ मध्ये सापडला, त्यात वजनाच्या एक-दीड टक्का पाणी. हिरा म्हणजे खालून आलेली डबी, काका विचारतील कोणी जाऊन बघितलं तर सांग, आम्ही गेलो नाही, ते वर आलं.

कुळागरातला

सगळ्यांचे खूप आभार, उशीर झाला, काकांना मोबाइलवर देऊन वाचायला लावलं, अक्षर मोठं करून.

रिपोर्ट असा. सोन्याची गोष्ट त्यांना आवडली, दोनदा वाचली. १३ मिलिमीटरवर म्हणाले "नासाचें मोजप नासाकडे" आणि सोडून दिलं. पण हेमटाइटवर एकदम गप्प झाले. मग उठले, मागच्या पडवीतून ओअरचा एक गोळा आणला, खाणीवरची आठवण म्हणून ठेवलाय, काकींचा वजनकाटा घेतला, टोप काठोकाठ भरून परातीत ठेवला, गोळा दोरीने हळूच सोडला आणि सांडलेलं पाणी औषधाच्या मापाने मोजलं, थेंब थेंब. वजन १२९० ग्रॅम, पाणी ३०० मिली. म्हणजे ४.३. काका म्हणाले, "हो बरो माल." आणि मग बराच वेळ जमिनीकडे बघत बसले. मग म्हणाले, "म्हणजे सगळी पृथ्वी, समुद्रासकट, ह्याच्यापेक्षा जड?"

पोकळ नाही हे मान्य झालंय. फुगत नाही हे अजून "बघूया" मध्ये आहे. पुढच्या आठवड्यात चोर्ला घाटातून वर जाऊन काळा दगड कुठे सुरू होतो ते बघायचं ठरलंय, पाऊस उघडला तर, जळवांचं काय ते बघू. @म्हादईकाठी जागा नक्की सांगाल का, रस्त्यावरूनच दिसतो की आत चालावं लागतं? त्यांचा गुडघा दुखतो.

आणि चेंडूवरचे खंड निघत नाहीयेत. फेविकॉलने चिकटवलेत. मुलगी रोज विचारते, शेवटी काल तिने तसाच खेळायला घेतला, आता अंटार्क्टिका सुटलंय.

म्हादईकाठी

रस्त्यावरूनच दिसतो, सुर्ल्याच्या वळणांच्या वर, कापलेल्या डोंगराकडे बघायचं, जांभ्याच्या लाल रंगाखाली करडा-काळा थर. गाडी वळणावर लावू नका, पुढे मोकळी जागा आहे. हातोडी आणि तो वजनकाटा घेऊन जा, तुकडा सापडला तर घरी मोजा, ३ च्या आसपास यायला हवं. नाही आलं तर इथे लिहा.